भारतातील ओटी टेक्निशियनला ब्रिटनमध्ये ओडीपी म्हणून नोंदणी मिळते का, आणि तिथे कामाची मर्यादा कोण ठरवते?

आपण विचारले आहे की, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी (पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची) पदवी ओटी (शस्त्रक्रियागृह) टेक्निशियन या शाखेतून घेऊन पुण्यात सहा वर्षे काम केल्यावर ब्रिटनमध्ये ओडीपी म्हणून नोंदणी मिळू शकते का, आणि मिळाल्यास तिथे काय काय करता येते. नोंदणी मिळू शकते, पण ती केवळ पदवीच्या नावावर मिळत नाही. मी स्वतः सोलापुरात ओटी टेक्निशियन होते आणि आता बऱ्याच वर्षांपासून इंग्लंडमधील एका सरकारी रुग्णालयात ओडीपी आहे, त्यामुळे दोन्हीकडचे अनुभवाने सांगू शकते.

ओडीपी, म्हणजे ऑपरेटिंग डिपार्टमेंट प्रॅक्टिशनर (भूल, शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची देखरेख यांत काम करणारा शस्त्रक्रियागृहातील व्यावसायिक), हे तिथे कायद्याने राखून ठेवलेले पदनाम आहे. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल ही परिषद ज्या १५ व्यवसायांची नोंदवही ठेवते त्यांत ऑक्टोबर २००४ पासून ओडीपी आहेत, आणि त्या नोंदवहीत नाव नसताना स्वतःला ओडीपी म्हणवणे हा गुन्हा आहे. ही नोंदवही सर्वांना खुली असल्याने रुग्णाचा मुलगासुद्धा माझे नाव शोधून पाहू शकतो. त्याच शस्त्रक्रियागृहात माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरची नोंदणी वेगळ्या, परिचारिकांच्या परिषदेकडे असते. अनेस्थेशिया असोसिएट (भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली भूल देणारे) हा तिसराच व्यवसाय असून डिसेंबर २०२४ पासून तो डॉक्टरांच्या परिषदेच्या अखत्यारीत आला आहे. आपल्याकडे भूल विभागात काम करणाऱ्या साऱ्यांना सरसकट टेक्निशियन म्हणण्याची सवय असल्यामुळे अर्ज भरतानाच गल्लत होते, म्हणून हे आधी सांगितले.

अडचण बहुतेक वेळा कामाच्या व्याप्तीत येते. ओडीपीला तीन टप्प्यांत काम करता आले पाहिजे. पहिल्यात भूलतज्ज्ञाला मदत करायची असते, म्हणजे मशीनची तपासणी, श्वासमार्ग सुरक्षित करण्याची सामग्री आणि तो अवघड निघाला तर लागणाऱ्या पर्यायांची तयारी. दुसऱ्यात प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत स्क्रब होऊन, म्हणजे हात निर्जंतुक करून गाऊन-हातमोजे घालून, हत्यारे देणे किंवा बाहेरून पुरवठा करणे आणि गॉज, सुया, हत्यारे यांची मोजणी करणे, आणि तिसऱ्यात रिकव्हरीत रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत त्याच्यापाशी थांबून श्वास, रक्तदाब, वेदना व उलट्या यांकडे लक्ष देणे. परिषदेची प्रावीण्याची मानके, ज्यांची सुधारित आवृत्ती सप्टेंबर २०२३ पासून लागू आहे, या तिन्ही टप्प्यांना धरून आहेत. आपल्याकडे मात्र स्क्रब बहुधा सिस्टर होतात, रिकव्हरीही त्याच पाहतात, आणि ओटी टेक्निशियनच्या वाट्याला टेबल, कॉटरी, सक्शन, ऑटोक्लेव्ह आणि भूलतज्ज्ञ सरांना हवे ते हातात देणे एवढेच येते. सहा वर्षांचा अनुभव असा एकाच टप्प्यातला असेल, तर अर्ज तपासणाऱ्यांना उरलेले दोन टप्पे रिकामे दिसतात.

आता मर्यादेबद्दल. आपल्याला कदाचित वाटत असेल की तिथे कामांची एक यादी असेल, यादीत आहे ते करायचे आणि नाही ते करायचे नाही. परिषदेने अशी यादी दिलेली नाही. आपल्या व्यवसायाच्या ज्या क्षेत्रात आपले ज्ञान, कौशल्य आणि अनुभव कायदेशीर, सुरक्षित व परिणामकारक काम करण्याइतका आहे, तेवढी आपली व्याप्ती, असे ती सांगते. म्हणजे माझी व्याप्ती आणि माझ्याइतकीच वर्षे काम केलेल्या सहकाऱ्याची व्याप्ती एकच असेल असे नाही. प्रशिक्षण घेऊन आणि रुग्णालयाच्या धोरणात बसवून ती वाढवता येते, पण ती ओलांडली तर ‘सरांनी सांगितले होते’ हे उत्तर पुरत नाही, कारण जबाबदार मी असते. काही गोष्टी मात्र कायद्यानेच बंद आहेत. ओडीपीला स्वतंत्रपणे औषध लिहून देता येत नाही.

हा फरक मला किती जाणवला ते सांगते. सोलापूरला एका लहान रुग्णालयात स्पायनल भूल दिल्यावर भूलतज्ज्ञ पुढच्या केससाठी दुसऱ्या रुग्णालयात निघून जात आणि रुग्णापाशी मला उभे करत. एकदा रक्तदाब उतरू लागला तेव्हा मी फोनवर विचारून इंजेक्शन दिले. रुग्ण सुखरूप घरी गेला आणि मला शाबासकी मिळाली. त्या वेळी मला अभिमान वाटला होता. आज ती गोष्ट आठवली की अंगावर काटा येतो. ते इंजेक्शन देण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नव्हता, ते चुकले असते तर काय करायचे हे मला शिकवलेले नव्हते, आणि टेबलावरच्या बाईंना आपल्यापाशी डॉक्टर नाहीत हे ठाऊकही नव्हते. अशी कामे ‘अनुभव’ म्हणून अर्जात लिहू नका. तिथल्या मूल्यांकन करणाऱ्याला त्यात कौशल्य दिसणार नाही; आपल्याला आपली हद्द कळत नाही, एवढेच दिसेल.

भारतातली आपली नोंदणीही आधी नीट करून घ्या. महाराष्ट्रात परावैद्यक परिषद आहे, आणि संसदेने २०२१ साली सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आहे, ज्याच्या अनुसूचीत ओटी टेक्नॉलॉजिस्ट आणि भूल सहायक यांचा समावेश आहे. सहयोगी व्यावसायिकासाठी किमान २,००० तासांचे आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तासांचे शिक्षण त्यात अपेक्षित आहे. राष्ट्रीय आणि राज्य नोंदवही ही या कायद्याची गाभ्याची तरतूद आहे, आणि आपल्या पिढीने ती मनापासून उचलून धरली पाहिजे असे माझे मत आहे. वर सांगितलेला प्रसंग माझ्यावर आला तेव्हा नाही म्हणायला माझ्यामागे कोणतीच नोंदवही नव्हती.

ब्रिटनच्या अर्जासाठी सर्वांत जास्त वेळ कागदपत्रांना लागतो. गुणपत्रिका पुरत नाही. प्रत्येक विषयात काय शिकवले, सैद्धांतिक तास किती, प्रात्यक्षिकाचे किती आणि कोणत्या विभागात, हे सारे महाविद्यालयाकडून लेखी घ्यावे लागते. शिक्षणात राहिलेली उणीव अनुभवाने भरून निघू शकते, पण तो अनुभव तारखा, विभाग आणि कामाचे स्वरूप यांसह वरिष्ठांनी प्रमाणित केलेला हवा. इंग्रजीसाठी आयईएलटीएस अकॅडेमिक देणार असाल तर एकूण ७ आणि कोणत्याही भागात ६.५ पेक्षा कमी नाही, अशी अट आहे. माझ्या ओळखीतले अनेक जण लेखनात अडकले, तेव्हा त्याचा सराव आधीपासून करा. शुल्क बदलत राहते, म्हणून ते परिषदेच्या संकेतस्थळावरच पाहावे. ‘नोंदणी आम्ही करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका; अर्ज आपल्याला स्वतः करता येतो.

नोंदणी मिळाल्यावर दर दोन वर्षांनी, ओडीपींसाठी सम वर्षाच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, तिचे नूतनीकरण करावे लागते. त्या वेळी नोंदणीकृतांपैकी २.५ टक्के जणांना निवडून त्यांनी सतत चालू ठेवलेल्या शिक्षणाचा पुरावा मागितला जातो. बाळंतपणासाठी किंवा घरच्या आजारपणासाठी कोणी दोन ते पाच वर्षे व्यवसायाबाहेर राहिले तर परतताना ३० दिवसांचा उजळणीचा काळ दाखवावा लागतो, त्याहून अधिक काळ गेला तर ६० दिवसांचा.

मी आपल्या जागी असते तर अर्ज लगेच पाठवला नसता. सध्याच्या रुग्णालयात मेट्रनना भेटून सहा महिने रिकव्हरीत आणि सहा महिने स्क्रबला, सिस्टरांच्या देखरेखीखाली, रीतसर ड्युटी मागितली असती आणि प्रत्येक केसची नोंद, रुग्णाचे नाव न लिहिता, वहीत ठेवून दर महिन्याला त्यावर सही घेतली असती.