घरून काम करताना मान दुखते, लक्षही लागत नाही. टेबल कसं मांडू?

आधी खुर्ची बघा. पाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत आणि कोपर साधारण ९० अंशात. टेकत नसतील तर पायाखाली एखादं खोकं ठेवा.

मान दुखते ती बहुतेक वेळा लॅपटॉपमुळे. स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले, त्यामुळे हात नीट ठेवले की मान वाकतेच. चार जाड पुस्तकं रचून लॅपटॉप उचला, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा आणि कीबोर्ड-माउस वेगळा जोडा. पहिला खर्च यावरच करा, मोठा मॉनिटर मागाहून घेता येईल.

खिडकी बाजूला असू द्या. पाठीमागे असली की स्क्रीनवर चकाकी येते.

लक्षाचं म्हणाल तर फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. टेबलावर उलटा ठेवून भागत नाही. आणि पलंगावर बसून काम नकोच, प्लीज.