माणूस वाईट नाही, पण त्याला दिसतच नाही. याला दोष मानायचा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजी अंथरुणाला खिळल्यावर आई दोन वर्षं रात्री-अपरात्री उठत होती. त्याच घरात झोपणाऱ्या वडिलांना आणि भावाला ते कधी दिसलं नाही, तुम्हाला मात्र दिसत होतं. मग हे बायकांना निसर्गतः दिसतं का? आणि ज्याला दिसलंच नाही त्याला दोष कसा द्यायचा?

पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर 'नाही' असं आहे. दुसऱ्यासाठी मला जरा लांबून यावं लागेल.

मी सतरा वर्षं एका सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स होते, त्यातली सहा कॅज्युअल्टीत. तिथल्या दुसऱ्या वर्षी एक तिशीची बाई आली. डावा हात सुजलेला. "मोरीत पाय घसरला," म्हणाली. डॉक्टरांनी केसपेपरवर तेच लिहिलं, मी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली. नवरा पाण्याची बाटली घेऊन दाराशी उभा होता. किती काळजी करतो, असं मी तिला म्हणालेसुद्धा. ती गेल्यावर फरशी पुसणाऱ्या मावशींनी मला विचारलं, "सिस्टर, घसरून पडलेल्या माणसाचे तळहात एवढे स्वच्छ असतात का?" पडताना माणूस हात टेकतो, तळवे सोलवटतात. हिचे काळेनिळे डाग मनगटापासून कोपरापर्यंत, हाताच्या बाहेरच्या बाजूला होते. मार चुकवायला हात डोक्यावर आडवा धरला की काठी बसते तिथे. तो हात मी माझ्या हातात धरून बांधला होता.

मारहाण वाईट हे मला माहीत होतं. मी निर्दय नव्हते. कुणी परीक्षेत विचारलं असतं तर अशा वेळी काय करायला हवं हे सगळं नीट लिहिलं असतं. पण ते करण्याची वेळ आलीये हेच मला कळलं नाही, कारण मला समोर दिसत होती ती 'मोरीत पडलेली पेशंट'.

पुढे तत्त्वज्ञानात एम.ए. करताना ब्रिटिश तत्त्वज्ञ आणि कादंबरीकार आयरिस मर्डॉक वाचली आणि त्या दिवसाला शब्द मिळाले. नीतिशास्त्र बराच काळ 'अशा परिस्थितीत काय करावं' हे विचारत आलं, जणू परिस्थिती सगळ्यांना सारखीच दिसते. मर्डॉकने 1970 च्या पुस्तकात एक सासू उभी केली आहे (मराठी वाचकाला हे उदाहरण समजावून सांगावं लागत नाही). सुनेशी तिचं वागणं बाहेरून निर्दोष. मनात मात्र ती सुनेला गावंढळ, आगाऊ, पोरकट समजते. मर्डॉक सुनेला मुद्दाम दूर पाठवते, म्हणजे वागण्यात काही बदलायला जागाच उरत नाही. मग सासू स्वतःशी म्हणते, मी जुन्या वळणाची आहे, कदाचित मत्सरही करत असेन, पुन्हा एकदा बघते. बघता बघता गावंढळ वाटणारी सून साधी दिसू लागते, पोरकट वाटणारी टवटवीत. बाहेर काहीच घडलेलं नाही, तरी नैतिक काम झालेलं आहे. या कामाला मर्डॉक 'लक्ष देणं' म्हणते. हा शब्द तिने सिमोन वेल या फ्रेंच विचारवंत बाईकडून घेतला.

इथे मला एक खटकतं, ते सांगूनच पुढे जाते. "त्याच्याकडे जरा समजुतीनं बघ, तो मनाचा वाईट नाही," हा उपदेश आमच्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येक बाईने माहेरी ऐकलेला होता. बघणं बदलायचा सगळा भार तिच्याच डोक्यावर. मर्डॉक नजरेला 'न्यायी' आणि 'प्रेमळ' अशी दोन विशेषणं लावते. बायकांकडून मागितली जाते ती फक्त प्रेमळ नजर. न्यायी नजरेला हातावरचे वळही दिसायला हवेत, स्वतःच्या हातावरचेसुद्धा.

आता निसर्गाचं. लॉरेन्स कोलबर्ग या मानसशास्त्रज्ञाने नैतिक विकासाच्या पायऱ्या मांडल्या, त्या मूळ अभ्यासात सगळे मुलगेच होते. कॅरल गिलिगन या मानसशास्त्रज्ञ बाईने 1982 मध्ये त्यावर बोट ठेवलं. बायको मरणाला टेकली आहे, औषध परवडत नाही, नवऱ्याने चोरावं का, या कोलबर्गच्या प्रश्नावर अकरा वर्षांचा जेक जीव मोठा की मालमत्ता असा हिशेब करतो. त्याच वयाची एमी म्हणते, तो तुरुंगात गेला तर आजारी बायकोकडे कोण बघणार, औषधवाल्याशी पुन्हा बोलता येणार नाही का? कोलबर्गच्या मोजपट्टीवर एमी खाली बसते. गिलिगनचं म्हणणं, एमीला वेगळंच काहीतरी दिसतंय आणि मोजपट्टीला ते दिसत नाही. याचा लोकांनी सोयीचा अर्थ काढला: बाई म्हणजे माया, पुरुष म्हणजे न्याय. पण 2000 मध्ये शंभराहून जास्त अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा स्त्री-पुरुषांत फरक निघाला तो लहानसा. तेवढ्यावर निसर्गाचा दाखला उभा राहत नाही.

मग तुमच्या घरात एवढा फरक का? मला वाटतं, माणसाला तेच दिसतं ज्याचा जाब त्याला विचारला जातो. औषध चुकलं तर आजी कुणाला हाक मारणार होती? पाहुणे आल्यावर चादर मळकी दिसली तर कुणाकडे बघणार होते? 2019 च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती, पुरुषांची 97. शिवाय ही सरासरी असं काम करणाऱ्यांपुरतीच आहे, आणि त्या दिवशी असं काम केलेले पुरुष जेमतेम चारात एक होते. एवढे तास जिथे हात चालतात तिथे डोळेही तयार होतात. तुम्हालाही लहानपणापासून कुणीतरी 'जरा बघ गं' म्हणत आलं असणार. भावाला कोण म्हणालं? आमच्या मावशींना तळहात दिसले ते बाई म्हणून नव्हे. तिथे मीही बाईच होते.

घाईचाही भाग असतो. 1973 मध्ये प्रिन्स्टनला धर्मशिक्षण घेणाऱ्या 40 विद्यार्थ्यांवर डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. वाटेत कण्हणाऱ्या माणसासाठी निवांत असलेल्यांपैकी 63 टक्के थांबले, उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी फक्त 10 टक्के. घाईत नजर आकसते ही एक शक्यता त्यांनीच मांडली आहे. कॅज्युअल्टीत काम केलेल्या कुणालाही ती पटेल.

पण नजर तयार करता येते, आणि तशी केली गेली आहे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली महापालिका आणि आरोग्यावर काम करणाऱ्या 'सेहत' संस्थेने हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी 'दिलासा' केंद्र सुरू केलं. रुग्णालयातल्याच लोकांना हिंसेच्या खुणा ओळखायला शिकवायचं, हा त्या कामाचा गाभा. 'ढेकणाचं औषध चुकून प्यायले', 'स्टोव्हचा भडका उडाला', 'जिन्यावरून पडले' ही वाक्यं वर्षानुवर्षं केसपेपरवर लिहिली जात होती. ती संपूर्ण उत्तर न धरता पुढचा प्रश्न विचारायचा, एकांतात, नवऱ्याला बाहेर पाठवून. आमच्याकडे बऱ्याच उशिरा असं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. पुढच्याच आठवड्यात माझ्या पाळीत तीन बायका तशा निघाल्या. त्या आधीही येतच असणार, हा विचार मला अजून झोपू देत नाही.

शब्दही डोळ्यांचं काम करतात. 'छेडछाड' म्हटलं की गंमत दिसते, 'लैंगिक छळ' म्हटलं की गुन्हा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावर सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये दिलेल्या विशाखा निकालानंतर तिथे जे दिसू लागलं ते त्याआधी घडत नव्हतं थोडंच.

आता दोषाचं. आपल्या भाषेत दोन वाक्यं आहेत. 'माझ्या लक्षात आलं नाही' यात कर्ता कुठे सापडत नाही, जणू लक्ष आपणहून यायचं होतं, ते आलं नाही. 'दुर्लक्ष केलं' यात मात्र कुणीतरी काहीतरी केलेलं असतं. तुमचे वडील पहिलं वाक्य म्हणतील आणि ते खरंही असेल. मला दुसरं वाक्य लागू होतं ते मावशींनी दाखवल्यानंतर. त्या दिवसानंतर मी कुणाचा हात न बघता बांधला असता तर ते दुर्लक्षच ठरलं असतं. जोन ट्रॉन्टो ही विदुषी आणखी पुढे जाते. काळजीच्या कामातून ज्यांना सूट मिळालेली असते, त्यांना न दिसण्याची सोयही त्या सुटीतच मिळते, असं ती म्हणते. मला हे पटतं. वडिलांनी ती सूट मागितली नसेल. पण दोन वर्षं ती वापरली, आणि तिची किंमत आईने झोपेत मोजली. म्हणून 'दिसलं नाही' हे मी त्यांच्या बचावाचं शेवटचं वाक्य मानणार नाही. त्यांना वाईट माणूस ठरवायचीही मला गरज वाटत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सुचवते. आजी अजून आहेत असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. वडिलांना आईच्या कष्टांवर भाषण देऊ नका, ते मान हलवतील आणि झोपतील. औषधांचा डबा त्यांच्याकडे द्या. मदत म्हणून नको, पूर्ण काम म्हणून: कुठली गोळी संपत आली, कुठली जेवणाआधी, केमिस्टकडे कधी जायचं, सगळं. रात्री दोनचा गजरही त्यांच्याच फोनमध्ये आणि फोन त्यांच्याच उशाशी. आणि तो वाजला तरी आपण उठायचं नाही, हे आईकडून आधी कबूल करून घ्या. ते जास्त अवघड जाईल.