बेळगाव-निपाणी भागात कामगार संघटना बांधणं इतकं अवघड का जातं?

तुम्ही विचारलंय की विडी कामगार, फाउंड्रीवाले, विणकर, ऊसतोडीवाले एवढे असूनही आपल्या सीमाभागात डाव्यांची कामगार संघटना भक्कम का उभी राहत नाही. लोक घाबरतात, की विचारच पटत नाही? खानापूरकडे स्वतः काम सुरू करायचा विचार आहे असंही लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी निपाणीचा, विडी वळणाऱ्या बाईचा मुलगा. गेली अकरा वर्षं उद्यमबागेतल्या, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या, कंत्राटी कामगारांत काम करतो. भीती आहेच, पण माझ्या अनुभवात ती दुसऱ्या नंबरवर. पहिली अडचण ही की आपला मालक कोण, हे कामगाराला कागदावर दाखवताच येत नाही.

आईचंच सांगतो. जेवण उरकलं की ती सूप मांडीवर घेऊन उंबऱ्याशी बसायची. भिजवून ठेवलेली पानं पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापायची, जर्दा भरायची, वळायची, दोरा बांधायची. हजार विड्या पुऱ्या होईस्तोवर अंधार पडायचा. माल द्यायला सट्टेदाराकडे, म्हणजे कारखानदारासाठी विड्या वळून घेणाऱ्या मध्यस्थाकडे, मीही बरोबर जायचो. तो मूठमूठ विड्या उचलून बाजूला टाकायचा. ही छाट. का काढली हे सांगायचा नाही, तिचे पैसे द्यायचा नाही आणि त्या विड्याही परत मिळायच्या नाहीत. लहानपणी मला राग यायचा तो त्या छाटीचा. खरी गोष्ट फार उशिरा कळली. आईच्या नावाचं विडी कामगाराचं कार्डच नव्हतं. शेजारच्या मावशींच्या एका कार्डावर तिघीजणी माल घालायच्या. १९६६ चा विडी-सिगार कामगार कायदा घरी बसून विडी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानायचा. पण मानणार कुणाला? कागदावर तर एकच बाई. पुढे प्रॉव्हिडंट फंडाची मागणी आली तेव्हा कार्डवाल्या मावशींना वाटलं, या दोघी आता आपल्या पैशात वाटा मागणार. तिघींचं बोलणं तुटलं. सट्टेदाराला त्यासाठी काहीही करावं लागलं नाही. आई साठीच्या पुढे गेली तरी तिच्या नावावर एक पैसा जमा नव्हता.

उद्यमबागेत विडीच्या जागी कास्टिंग आणि सट्टेदाराच्या जागी कंत्राटदार, बाकी तेच. २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू होईपर्यंत ट्रेड युनियन कायदा १९२६ चा होता. नोंदणीच्या अर्जावर किमान सात सह्या लागायच्या, आणि २००१ च्या दुरुस्तीनंतर त्या कारखान्यातले वा उद्योगातले दहा टक्के किंवा शंभर, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढे सभासदही दाखवावे लागायचे. एका फाउंड्रीत आम्ही अकरा नावं जमवली. सगळे वितळलेला लोखंडाचा रस ओतणारे, हातावर भाजल्याचे डाग असलेले. पुढच्या सोमवारी गेटवर सांगितलं, कंत्राट बदललं, जुन्या कंत्राटदाराची माणसं बंद. कुणाला कामावरून काढलंय असं कुठेच लिहिलेलं नाही, कारण कामावर घेतल्याचंही कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यातला एकजण मला म्हणाला, ‘दादा, आमी कुणाचे कामगार म्हणून सांगूचं?’ या प्रश्नाचं उत्तर नसेल तर झेंडा कुठल्या गेटवर लावणार?

निपाणीत हे एकदा जमलं होतं, हे विसरू नका. १९८० च्या आसपास प्रा. सुभाष जोशींनी तंबाखूच्या वखारीतल्या बायकांची संघटना बांधली. त्या एका छपराखाली बसायच्या, एकाच धुळीत खोकायच्या. वखारीला दार होतं आणि त्या दारात उभं राहून बोलता येत होतं. १९८१ साली शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं तंबाखूच्या भावासाठी महामार्ग अडवला, त्यातही सुभाष जोशी पुढे होते. शेवटी पोलिसांचा गोळीबार झाला, शेतकरी गेले. तंबाखूच्या एकाच व्यापाऱ्यानं शेतकऱ्याला भाव नाकारला होता आणि वखारीतल्या बाईला मजुरी. तरीही दोघांची एक कायमची संघटना झाली नाही. शेतकरीही खुरपणीला, तोडणीला मजूर लावतो, तिथे त्याचं आणि तिचं हित वेगळं होतं. डाव्यांनी हा पेच कधी नीट मांडला नाही असं माझं मत आहे.

आता सीमेचं. देवचंद कॉलेज निपाणीला लागून, पण ते ज्या अर्जुननगरात आहे ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर जिल्ह्यात. चालत राज्य बदलतं आणि राज्य बदललं की किमान वेतनाचा दर बदलतो. इकडे दर मागितला की पहिलं उत्तर येतं, ‘मग माल कागलकडं देतो,’ म्हणजे सीमेपलीकडे महाराष्ट्रात.

आणि भाषा. मी मराठी आहे, १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, काळा दिवस पाळणाऱ्या घरातला आहे, आणि आमच्यावर अन्याय झाला हे मी मनापासून मानतो. पण उद्यमबागेतले माझे निम्मे सभासद गोकाक, बैलहोंगलकडचे कन्नड भाषिक, वर ओडिशा-बिहारची पोरं. मी सभा मराठीत घेतली तर ते विचारतात, ही समितीची (महाराष्ट्र एकीकरण समितीची) सभा काय? कन्नडमध्ये घेतली तर आमचेच लोक तोंड फिरवतात. गावात गेलो की ऐकायला मिळतं, आधी सीमाप्रश्न सुटू दे. संघटनेची राज्य कचेरी बंगळुरूला आणि सभासदाचं मन मुंबईकडे, अशी ओढाताण. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की बाहेर अंगणवाडी सेविकांचे तंबू पडतात आणि शहरात समितीचा महामेळावा असतो. आमच्या गल्लीत एका घरातली बाई तंबूत असते, नवरा मेळाव्याला. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. पूर्वी हे दोन्ही लढे एकाच माणसात मावायचे. कॉम्रेड कृष्णा मेणसे कम्युनिस्ट होते आणि सीमालढ्यातही आयुष्यभर होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तर लाल बावटा पुढेच होता. आज सीमेवर बोलणारा मजुरीवर बोलत नाही आणि मजुरीवर बोलणारा सीमेचं नाव काढायला कचरतो. मला दोन्ही बोलायचं असतं, आणि दोन्हीकडे संशयानं बघतात.

खानापूरला सुरुवात करताना अर्ज आणि बिल्ले मागे ठेवा. प्रत्येकाला एक वही द्या. तारीख, पाळी, काम कुणी सांगितलं, पैसे कुणी आणि कसे दिले, गाडीचा नंबर, सगळं त्याच दिवशी लिहायचं. लिहिता येत नसेल तर पोरांकडून लिहून घ्यायचं. मुकादमाचे व्हॉट्सअॅप मेसेज पुसायचे नाहीत. पत्रक एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला मराठी छापा, आणि कन्नड बाजू कन्नड कामगाराकडूनच लिहून घ्या, भाषांतर लगेच ओळखू येतं. माझ्या कपाटात अशा सदतीस वह्या आहेत. चार वह्या कामगार अधिकाऱ्यापुढे ठेवल्या तेव्हा कंत्राटदारानं पहिल्यांदा मान्य केलं की ही माणसं त्याची आहेत.