माझदाच्या मियाटा या स्पोर्ट्स कारच्या १.८ लिटर इंजिनला टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारं यंत्र) लावायचा तर आतलं काय काय बदलावं लागतं?

पहिलं म्हणजे कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी (इंजिनच्या फिरत्या दांड्याशी) जोडणारे दांडे. मियाटाच्या १.८ बीपी इंजिनचा ब्लॉक लोखंडी आहे, चांगला दणकट आहे, क्रँकही फोर्ज्ड (दाबून घडवलेला) आहे, पण रॉड मात्र बारीक आहेत आणि चाकांवर साधारण २३०-२५० हॉर्सपॉवरच्या पुढे गेलं की ते वाकायला लागतात, त्यातही कमी आरपीएमला एकदम जास्त बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) दिला तर लवकरच, कारण रॉडला वाकवतो तो टॉर्क. म्हणून फोर्ज्ड एच-बीम (एच आकाराचा छेद असलेले) रॉड आणि सोबत चांगले रॉड बोल्ट घ्याच, इथे पैसे वाचवू नका प्लीज.

इंजिन उघडलंच आहे तर पिस्टनही फोर्ज्ड टाका, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा-इंधन किती पट दाबलं जातं ते) ९:१ च्या आसपास ठेवा. फोर्ज्ड पिस्टन गरम झाल्यावर जास्त फुगतो, त्यामुळे बोअरमधला (सिलिंडरच्या भोकातला) क्लिअरन्स पिस्टन बनवणारा सांगेल तेवढाच ठेवायचा. आणि रिंग गॅप, म्हणजे पिस्टनवरच्या रिंगच्या दोन टोकांमधली फट! हे खूप जण विसरतात. ८३ मिमी बोअरला वरच्या रिंगचा गॅप साधारण ०.४५ मिमी लागतो, कमी ठेवला तर उष्णतेने रिंगची टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा तुकडाच उडतो.

ऑइल पंपाचे गिअरही बदलून घ्या, मूळचे जास्त आरपीएमला तडकतात.

एवढं करूनही ट्यूनिंग चुकलं आणि नॉकिंग (सिलिंडरमध्ये इंधनाचा अवेळी भडका) झालं तर फोर्ज्ड पिस्टनही वितळतो, त्यामुळे मोठे इंजेक्टर, वाइडबँड सेन्सर (हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा) आणि नीट मॅप केलेला ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) याचं बजेट आधी बाजूला काढा, रॉड-पिस्टन नंतर.