शर्टावरचं नाव, कपाटातली बॅग

प्रश्न : ताई, पगार वाढल्यावर मी एका नामांकित ब्रँडचा शर्ट घेतला. छातीवर त्याची खूण ठळक दिसते. पण आमचे मोठे साहेब जे शर्ट घालतात, त्यांवर कुठेच काही नसतं आणि ते माझ्या शर्टाहून कितीतरी महाग असतात, हे मागाहून कळलं. मग मी पैसे मोजले ते कशाचे?

उत्तर : खूण दिसावी म्हणूनच मोजलेत, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. यंग जी हान, जोसेफ न्यून्स आणि झेवियर ड्रेझ यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महागड्या हँडबॅगांच्या किमती आणि त्यांवरच्या खुणांचा ठळकपणा ताडून पाहिला. एकाच ब्रँडच्या बॅगांमध्ये किंमत चढत जाते तशी खूण बहुधा बारीक होत जाते, असं त्यांना दिसलं. खूण हा एक निरोप असतो. साहेबांना तो सगळ्यांपर्यंत पोचवायचा नाही. कापड आणि शिवण पाहून ओळखणारे चार लोक त्यांना पुरतात. तुम्हाला तो लिफ्टमधल्या अनोळखी माणसालाही द्यायचा होता. शर्ट अंगाला नीट बसत असेल आणि घालताना बरं वाटत असेल, तर खुशाल घाला.

प्रश्न : ताई, मी ३६ वर्षांची आहे. बढती मिळाली तेव्हा कित्येक वर्षं मनात असलेली एका मोठ्या ब्रँडची बॅग घेतली. दुकानात आनंदाने हात थरथरत होते. आज आठ महिने झाले, ती तिच्या पांढऱ्या पिशवीत गुंडाळलेली कपाटात आहे. दोनदाच बाहेर नेली. दोन्ही वेळा वाटलं, ही दुसऱ्या कुणाची तरी आहे आणि आता कुणीतरी मला हटकणार. तरीही त्याच ब्रँडची दुसरी, लहान बॅग सध्या डोक्यातून जात नाही. नवरा म्हणतो, हा निव्वळ देखावा आहे. का कोण जाणे, लिहिता लिहिता आठवलं : सात वर्षांपूर्वी एका बैठकीत एका वरिष्ठ बाईंनी माझी कापडी झोळी टेबलावरून उचलून जमिनीवर ठेवली होती. मी उथळ आहे का? बॅग विकून टाकू?

उत्तर : तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या झोळीपाशी थांबले.

मानसशास्त्राकडे वळण्याआधी चार वर्षं मी महागड्या घड्याळांच्या काउंटरमागे उभी होते. आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं : आधी घड्याळ मनगटावर चढवा, किमतीचं नंतर. वस्तूला नुसता हात लागला तरी ती आपली वाटू लागते आणि तिचं मोल मनात वाढतं, हे जोआन पेक आणि सुझन शू यांनी २००९ मध्ये प्रयोगांतून दाखवलं. काउंटरवरच्या माणसांना ते कधीपासूनच ठाऊक होतं. तुमचे हात थरथरले, त्यात त्या दुकानाच्या उजेडाचा, मखमलीचा आणि विक्रेत्याच्या हळू आवाजाचाही वाटा होता, हे लक्षात असू द्या.

पण माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. घड्याळ मनगटावर चढलं की बहुतेक लोक घड्याळाकडे फार वेळ बघत नसत. ते आरशात बघत, आणि आरशातून सोबत आलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे. एकटे आलेले माझ्या चेहऱ्याकडे बघत. एक वयस्क गृहस्थ मात्र महिन्यातून एकदा येत, एकच घड्याळ मागत आणि कानाशी धरून बसत. दीड वर्षाने त्यांनी ते घेतलं. आरसा त्यांनी एकदाही मागितला नाही.

मीही एक घेतलं होतं, नोकरीच्या तिसऱ्या वर्षी. ते घालून शाळेतल्या मैत्रिणींच्या भेटीला गेले, बाही मुद्दाम दुमडून. आठवीत सगळ्या वर्गासमोर माझ्या ठिगळाच्या बुटांवर बोट ठेवणारी एक मुलगी होती. तिला ते दिसायला हवं होतं. ती आलीच नाही. घरी येऊन घड्याळ काढलं तेव्हा रडू आलं, आणि वीस वर्षं मी कुणासमोर उभी आहे हे त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

डेरेक रकर आणि ॲडम गॅलिन्स्की यांचा २००८ चा एक अभ्यास मी पुढे शिकताना वाचला. त्यांनी काही जणांना, आपल्यावर दुसऱ्या कुणाची सत्ता चालली होती असा प्रसंग आठवायला सांगितला. त्यानंतर ही माणसं प्रतिष्ठेच्या वस्तूंसाठी जास्त पैसे द्यायला तयार झाली. साध्या वस्तूंच्या बाबतीत तसं झालं नाही. हीन वाटायला लावणारा क्षण माणूस वस्तूने भरून काढू पाहतो. तुमची झोळी जमिनीवर गेली तो क्षण असाच होता. त्याला उथळ म्हणायला माझी जीभ धजत नाही. तुमचा अपमान झाला होता, आणि तुम्ही त्यावर हाती असलेला उपाय केलात.

मग बॅग परकी का वाटते? डॅफ्ना गूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये नेमकं हेच मांडलं : चैनीची वस्तू वापरताना पुष्कळांना आपण तोतये आहोत असं वाटतं, कारण हा मान आपल्या हक्काचा नाही असं ते आतून धरून चाललेले असतात. त्यामुळे त्यांचा आत्मविश्वास वाढण्याऐवजी कमी होतो. म्हणजे कपाट उघडताना तुम्हाला जे होतं, ते इतर कितीतरी जणांना होतं. त्याच अभ्यासातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते : वाढदिवसासारख्या दिवशी, जेव्हा आपण खास आहोत असं माणसाला मनापासून वाटतं, तेव्हा हा परकेपणा ओसरतो. बॅग तीच असते. फरक पडतो तो आपल्या हक्काच्या जाणिवेत. तुमची बढती तुम्ही कमावलीत, बॅग तिच्याच पैशांतून आली; तरी मनातली ती बैठक अजून संपलेली नाही.

दुसरी बॅग म्हणूनच खुणावते आहे. पहिलीने जे व्हायला हवं होतं ते झालं नाही, तेव्हा दुसरीने होईल असं वाटतं. ती सध्या घेऊ नका. पैशांसाठी सांगत नाही, तो हिशेब तुम्ही जाणता. पण त्या वरिष्ठ बाई तीही बघायला येणार नाहीत.

यजमानांना सांगा की देखावा हा शब्द अपुरा आहे. देखाव्यासाठी घेतलेली बॅग आठ महिने कपाटात कशाला राहिली असती? खुद्द देखाव्याचा अंदाजही माणूस चुकतो. स्टीफन गार्सिया, किम्बर्ली वीव्हर आणि पॅट्रिशिया चेन यांच्या २०१९ च्या अभ्यासात लोकांना वाटत होतं की महागड्या खुणांमुळे नवे मित्र जवळ येतील. पण मैत्री करायला निघालेल्यांना साध्या वस्तू वापरणारे लोक अधिक जवळचे वाटले.

विकायचं का, हे आज ठरवू नका. आधी एक करा. एखाद्या साध्या दिवशी, जिथे कुणी ओळखीचं भेटणार नाही अशा ठिकाणी बॅग घेऊन जा. किल्ल्या, रुमाल, पुस्तक, जे रोज लागतं ते तिच्यात भरा. कातड्यावरून हात फिरवा, वास घ्या, चेन उघडमीट करा. असं चार-पाच वेळा झाल्यावर ती हातात आवडते का ते बघा. आवडली तर ठेवा आणि ओरखड्यांची पर्वा न करता वापरा. नाही आवडली तर विका. तेव्हा विकताना शिक्षा भोगल्यासारखं वाटणार नाही.

आणि त्या बैठकीबद्दल यजमानांशी एकदा बोला. ते त्यांना माहीत नसावं, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. झोळीत त्या दिवशी काय होतं, तुम्ही त्या बैठकीत काय मांडायला गेला होता, तेही सांगा. काय झालं ते मला कळवा. ती झोळी अजून घरात आहे का, तेही लिहा.