सगळ्यांचे पान, राखायचे कुणी?

प्रश्न : मराठी विकिपीडियावर आमच्या गावाचे पान आम्ही मेहनतीने लिहिले. कुणीतरी वारंवार येऊन लोकसंख्या वाढवतो, पुढाऱ्यांची नावे घुसडतो. हे पान कायमचे बंद करून मिळेल का? (सांगली)

उत्तर : कायमचे बंद करायची मागणी करू नका. पूर्ण सुरक्षित केलेल्या पानावर फक्त प्रचालकच (पाने सुरक्षित करण्याचे, वगळण्याचे आणि सदस्यांना रोखण्याचे अधिकार असलेले सदस्य) लिहू शकतात, आणि मराठीत त्यांची संख्या मुळातच थोडी. नवी जनगणना आली तरी जुनाच आकडा तसाच पडून राहील आणि ज्याला तो दुरुस्त करायचा आहे, तो आल्या पावली परत जाईल. तुमचे नुकसान त्या उपद्व्यापी माणसापेक्षा कुलपानेच जास्त होईल.

आधी ‘इतिहास’ उघडा. दोन आवृत्त्या निवडून फरक पाहा आणि शेवटची चांगली आवृत्ती शोधा. ती उघडून ‘संपादन’ करा आणि जतन करा, की पान पूर्ववत होते. इथे एक चूक हमखास होते : मधल्या काळात दुसऱ्या कुणी केलेली शुद्धलेखनाची दुरुस्तीही त्यासोबत पुसली जाते. ती हाताने परत घाला. सारांशाच्या चौकटीत कारण लिहायला विसरू नका, उदाहरणार्थ : ‘विनासंदर्भ बदल मागे, २०११च्या जनगणनेचा आकडा पूर्ववत’. आकड्यापुढे जनगणनेचा संदर्भ जोडा. बिनसंदर्भाचा ४,२०० आणि बिनसंदर्भाचा ४२,००० यांत कोणता खरा, हे त्रयस्थाला कसे कळणार?

मग लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर त्या व्यक्तीला सरळ विचारा : ‘हा आकडा कुठून घेतला?’ कित्येकदा समोरचा नवखा असतो, त्याला संदर्भाची पद्धत ठाऊक नसते. उत्तर न देता तो तेच करत राहिला, तर उलटवाउलटवीच्या, म्हणजे एकमेकांचे बदल पुन्हा पुन्हा मागे घेण्याच्या, फंदात पडू नका. इंग्रजी विकिपीडियावर एका पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवणाऱ्याला, त्याचे म्हणणे बरोबर असले तरी, संपादनापासून रोखले जाऊ शकते. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण तो भांडण चर्चा पानावर ढकलतो.

एवढ्यावरही थांबेना, तर चावडीवर (विकिपीडियावरच्या सामायिक चर्चेच्या पानावर) किंवा प्रचालकाकडे फरकांचे दुवे देऊन एका आठवड्यासाठी अर्धसुरक्षा मागा. त्यात बिनखात्याचे आणि अगदी नवे सदस्य थांबतात, बाकीचे लिहीत राहतात. इंग्रजीत ही अट चार दिवस जुने खाते आणि दहा संपादने अशी आहे. बिनखात्याच्या माणसाचा अंकपत्ता (आयपी अ‍ॅड्रेस) रोखायचा असेल, तर मुदत तासांत ठेवावी. मोबाइलच्या जाळ्यावर एकाच अंकपत्त्यामागे शेकडो ग्राहक असू शकतात आणि महिनाभराच्या बंदीत भलतीच माणसे अडकतात.

प्रश्न : प्रचालकच मनमानी करू लागले तर? (पणजी)

उत्तर : असे घडले आहे. क्रोएशियन विकिपीडियावर काही प्रचालकांच्या गटाने वर्षानुवर्षे ताबा ठेवला, दुसऱ्या महायुद्धातील अत्याचारांचा इतिहास राष्ट्रवादी सोयीने मांडला आणि आक्षेप घेणाऱ्यांना रोखले. २०१३ साली तिथल्या शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना हा विकिपीडिया न वापरण्याचा सल्ला दिला होता. अखेर विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने २०२१मध्ये या प्रकरणाचा अहवाल प्रसिद्ध केला. एकाच माणसाची अनेक खाती मतदानात उतरत होती, म्हणून बहुमत दिसे आणि तक्रार बुडे.

म्हणून छोट्या विकिपीडियाच्या सदस्यांनी तीन गोष्टी आधीच ठरवाव्यात. मत देणाऱ्याचे खाते मतदानाच्या घोषणेपूर्वीचे असावे आणि त्यावर काही काम झालेले असावे. प्रचालकपद मुदतीचे असावे. मते थोडी पडली, तर जागतिक पातळीवरचे प्रतिपालकही (सर्व विकींवर अधिकार देऊ-काढू शकणारे सदस्य) हे अधिकार काही महिन्यांपुरतेच देतात. दोन वर्षे एकही संपादन किंवा कृती नसेल, तर अधिकार जावेत. ज्या विकींचा स्वतःचा नियम नाही, त्यांच्यासाठी जागतिक नियम हेच सांगतो. शिवाय वादात स्वतः गुंतलेल्या प्रचालकाने त्याच वादात कुणाला रोखू नये. हे काम दुसऱ्याकडे सोपवावे.

प्रत्येक बंदी आणि प्रत्येक वगळलेले पान नोंदींमध्ये दिसते. तक्रार करायची तर ‘अन्याय होतो’ एवढेच न लिहिता त्या नोंदींचे दुवे तारखेनिशी द्या. स्थानिक चर्चा दाबली गेली, तर मेटा-विकीवर (सर्व विकींच्या सामायिक चर्चेच्या संकेतस्थळावर) मांडा.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या स्मरणिकेतला मजकूर आम्हीच टाकला, तरी उडवला. असे का? (नाशिक)

उत्तर : विकिपीडियावरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली जातो, म्हणजे तो कुणीही, व्यापारासाठीसुद्धा, श्रेय देऊन वापरू शकतो. छापील मजकुराला ही परवानगी आहे, हे प्रचालकाला कुठून कळावे? हक्कधारकाने तसे लेखी कळवावे लागते. त्यापेक्षा माहिती नव्याने, स्वतःच्या शब्दांत लिहा. पण केवळ स्मरणिकेच्या आधारावर पान टिकणार नाही. संस्थेबाहेरच्या कुणी, वर्तमानपत्राने किंवा जिल्ह्याच्या गॅझेटियरने, दखल घेतली असेल तर ते संदर्भ आधी गोळा करा. मसुदा धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) लिहा, स्वतःचा संस्थेशी असलेला संबंध चर्चा पानावर नोंदवा आणि बाहेरच्या एखाद्या सदस्याला तपासायला सांगून मगच प्रत्यक्ष लेखाच्या जागी हलवा.