मुलगी ११ वर्षांची आहे आणि तिला चेलोवादक व्हायचंय. उशीर झाला का? पुढचं शिक्षण कसं असतं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी आठ महिन्यांपासून चेलो (व्हायोलिनच्याच कुळातलं, पण मोठं आणि खर्जातलं वाद्य) शिकतेय, आणि शिकवणाऱ्यांपैकी कुणीतरी सांगितलं की या वाद्याची सुरुवात पाचव्या-सहाव्या वर्षीच व्हायला हवी होती. मी मूळची दादरची. चेलो हातात घेतला तेव्हा १२ वर्षांची होते. आता जर्मनीत लाइपझिगजवळच्या एका संगीतशाळेत शिकवते आणि अधूनमधून ऑर्केस्ट्रात बदली वादक म्हणून बसते. त्यामुळे हे मनापासून सांगते: उशीर झालेला नाही.

जगप्रसिद्ध चेलोवादक पाब्लो कासाल्सनं स्पेनमधल्या कॅटलोनियातल्या आपल्या गावात चेलो पहिल्यांदा ऐकला तोच ११ वर्षांचा असताना. अर्थात, त्याचे वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे आणि तोवर पियानो-व्हायोलिनशी त्याची ओळख झालेली होती. म्हणजे हात नवा होता, पण कान तयार होता. तुमची मुलगी गात असेल, घरात तानपुरा लागत असेल, तर तिचंही निम्मं काम झालंय. चेलोला पडदे नसतात, सूर बोटानं शोधावा लागतो. आम्ही अजूनही षड्जासारखा एक स्वर लावून ठेवतो आणि त्यावर सप्तकं घासतो.

पहिली दोन-तीन वर्षं बाहेरून बघणाऱ्याला कंटाळवाणी वाटतील. माझ्या पहिल्या शिक्षकांनी मला कितीतरी आठवडे फक्त मोकळ्या तारांवर लांब बो (गज) ओढायला लावला. ते माझ्या कोपराखाली दोन बोटं धरून उभे राहायचे. खांदा उचलला की म्हणायचे, "परत." आजी आतून म्हणायची, "अगं, हा तर खर्जाचा रियाज!" अगदी तोच. बोचं वजन हाताच्या पंज्यातून न येता पाठीतून यायला लागतं, ते याच दिवसांत. पुढे अंगठा तारेवर ठेवून वरचे सूर काढायची पाळी येते. तेव्हा अंगठ्याच्या कडेला घट्टा पडतो आणि मुलं घाबरतात. घाबरू नका, तो पडावाच लागतो. पण मनगट किंवा दंड दुखत असेल तर त्याच दिवशी थांबवा. मी विसाव्या वर्षी ते अंगावर काढलं आणि चार महिने वाद्याला हात लावता आला नाही.

औपचारिक शिक्षणाचं मला जर्मनीचंच नीट माहीत आहे. इथे प्रवेश मार्कांवर मिळत नाही, वाजवून दाखवावं लागतं. शिवाय श्रुतिलेखन (ऐकलेले सूर लिहून काढणं), संगीतशास्त्र आणि थोडा पियानो. बॅचलर चार वर्षांचं, मास्टर दोन. सरकारी संगीत विद्यापीठांत फी बहुतेक ठिकाणी नाहीच, मात्र बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो पडतात. राहण्या-जेवण्याचा खर्च वेगळा, आणि खरा भार तोच. (जाताजाता: मुंबईच्या पावसाळ्यात खुंट्या फुगून फिरत नाहीत, आणि इथल्या हिवाळ्यात हीटर लागला की त्याच सुकून सुटतात. माझ्या पहिल्या जानेवारीत एका सकाळी चारही तारा लोंबत होत्या. मला रडूच आलं.)

आता नोकरी. ऑर्केस्ट्रातली जागा डिग्रीवर मिळत नाही. आधी बोलावणं यावं लागतं, मग चाचणी. पहिली फेरी बऱ्याचदा पडद्याआडून होते. चेलोला जवळजवळ नेहमीच हायडनचा डी मेजर कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना), नंतर ड्वोर्झाकचा किंवा शूमानचा कॉन्चेर्टो, आणि शेवटी ऑर्केस्ट्राच्या रचनांमधले तुकडे: बेथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीचा दुसरा भाग, ब्राम्सच्या दुसऱ्या सिम्फनीचा दुसरा भाग. निवड तिथले वादकच मतदानानं करतात. निवड झाली तरी साधारण वर्षभर परीक्षेवर ठेवून पुन्हा मत घेतात.

मी तीनदा त्या शेवटच्या तुकड्यांवर बाद झाले. हायडन छान गेला होता. पण ब्राम्सचा तो भाग चेलोच सुरू करतात, आणि तो एकटीनं वाजवताना बाकीचा सगळा ऑर्केस्ट्रा डोक्यात वाजत असावा लागतो. माझ्या डोक्यात काहीच वाजत नव्हतं, कारण विसाव्या वर्षापर्यंत मी खोलीत एकटीच बसून वाजवलं होतं. स्पर्धा, परीक्षा, सर्टिफिकेटं सगळं होतं, पण शेजारी बसून श्वास घेणारं कुणी नव्हतं. इथली पंधरा वर्षांची मुलं युवा ऑर्केस्ट्रात ते कधीच शिकून बसलेली असतात.

म्हणून परदेशाची घाई करण्याआधी तिला आत्ताच दुसऱ्यांबरोबर वाजवू द्या. एक व्हायोलिन, एक पियानो मिळाला तरी पुरे. सुगम संगीताच्या कार्यक्रमात तीन ओळी धरून वाजवायची संधी आली तर तीही सोडू नका. एकल वादक म्हणून जगणारे मोजकेच. बाकी आम्ही सगळे शिकवतो, चार वादकांच्या गटात वाजवतो, बदली म्हणून जातो, आणि मला हे आयुष्य फार आवडतं. मात्र पगार दर महिन्याला सारखा नसतो, हे तिला सोळाव्या वर्षी स्पष्ट सांगा.

मुंबईत असाल तर एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा सीझन असताना तिला घेऊन जा. चेलो नीट दिसतील अशी तिकिटं घ्या. सहसा ते प्रेक्षकांच्या उजव्या हाताला असतात. घरी आल्यावर तिला एवढंच विचारा की सगळ्यात मागच्या रांगेतली माणसं कुणाकडे बघून बो उचलत होती.